टीआरएबी तपासणी: तीन वेळा केल्यानंतरचा अनुभव

टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) चढलेलं, बसल्या जागी नाडी ११२. रक्त घेताना बोटं इतकी थरथरत होती की लॅबमधल्या ताईंनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. थायरॉइड जास्त काम करतंय हे आधीच्या रिपोर्टवरून कळलंच होतं. कशामुळे, ते टीआरएबीने, म्हणजे टीएसएच रिसेप्टरला चिकटणाऱ्या अँटिबॉडी मोजणाऱ्या रक्ततपासणीने सांगितलं: ग्रेव्हज, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी थायरॉइडला जादा कामाला लावतात तो आजार.

एरवी थायरॉइड ग्रंथीला कामाला लावते ती मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी, टीएसएच पाठवून. हार्मोन पुरेसं झालं की ती हात आखडता घेते. माझ्या पिट्युटरीने टीएसएच जवळपास बंदच केलं होतं, तरी ग्रंथी थांबेना. थायरॉइडच्या पेशींवर टीएसएच जिथे चिकटतं, त्या रिसेप्टरवर माझ्याच शरीरातल्या अँटिबॉडी जाऊन बसत होत्या. या रिसेप्टरची रचना २०२२ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने उलगडली. त्याचा बाहेरचा भाग एरवी पेशीच्या पडद्याकडे कललेला असतो. टीएसएच चिकटलं की पडदा आड येतो, त्या भागाला कलायला जागाच उरत नाही, तो उभा राहतो आणि आत सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीला कामाचा निरोप देणारा रेणू, वाढू लागतं. उत्तेजक अँटिबॉडीही त्याला असाच उभा करते, आणि ती पिट्युटरीचं ऐकत नाही. हे वाचल्यावर माझी धडधड मला पहिल्यांदा समजली.

तक्रार मात्र गंभीर आहे. केस गळतात म्हणून मी बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेत होते. लॅबमध्ये कुणी विचारलं नाही, फॉर्मवर रकानाही नव्हता. बायोटिनमुळे काही तपासण्यांत टीएसएच खोटं कमी आणि टीआरएबी खोटं जास्त येतं; धडधाकट माणसाचाही रिपोर्ट ग्रेव्हजसारखा दिसू शकतो. डॉक्टरांनी आठवडाभर गोळ्या बंद करायला लावून पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. टीआरएबी ९.४ चं ६.१ झालं. रिपोर्टवरची मर्यादा १.७५, त्यामुळे निदान बदललं नाही, पण तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत.

शिवाय या आकड्यावरून अँटिबॉडी आहेत एवढंच कळतं. त्या रिसेप्टर चालू करतात की अडवून धरतात, हे डॉक्टर लक्षणं आणि टी४ बघून ठरवतात.

तरी कार्बिमाझोल (थायरॉइडचं काम कमी करणारी गोळी) थांबवायच्या आधी ही तपासणी मी पुन्हा मागून घेतली. १८ महिन्यांनी १.१ आलं, तेव्हा कुठे गोळी बंद केली. ग्रेव्हजमुळे थायरॉइड काढलेलं असेल आणि आता दिवस गेले असतील, तरी डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा. ग्रंथी नसली तरी अँटिबॉडी रक्तात राहू शकतात, आणि वारेतून बाळाच्या थायरॉइडपर्यंत पोचतात.