‘फक्त फ्रेम आहे, बाकी सगळं सहज मिळतं’

"कार्बन फ्रेम, साइज ५४, फोर्कसकट, हलका वापर, नुकताच रंग दिलाय. २२ हजार. फक्त फ्रेम आहे, बाकी सगळं सहज मिळतं."

सेकंड-हँड रोडबाइकच्या बाजारात अशा जाहिराती पैशाला पासरी झाल्यात. पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलानं नेमक्या याच मजकुराची फ्रेम घेतली. जोडणीसाठी ती स्टँडवर चढवली तेव्हा जाहिरातीतला एकही शब्द सरळ खोटा निघाला नाही. कार्बन होती, ५४ होती, फोर्कही होता. सायकल मात्र त्यातून उभी राहिली नाही. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही, कारण ही रीत त्या एकट्याची नाही.

आधी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपायी भाग, जुन्या दुकानांतला चिमटा. फोर्कची वरची नळी, स्टीअरर, नवीन असताना साधारण ३०० मिमी लांब येते आणि प्रत्येक सायकलीच्या मापानं कापली जाते. एकदा कापली की वाढत नाही. त्या फ्रेमचा हिशेब असा होता: हेडट्यूब (फ्रेमची पुढची नळी, जिच्यातून स्टीअरर वर येतो) १४५ मिमी, हेडसेटचं (तिच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगचं) वरचं झाकण आणि खालची किनार मिळून १०, स्टेमची (हँडल स्टीअररला जोडणाऱ्या तुकड्याची) पकड ४०. झाले १९५. वरच्या कॅपनं बेअरिंगवर ताण यावा म्हणून नळीचं टोक ३ मिमी खाली हवं, म्हणजे स्टेमखाली एकही स्पेसर (उंची वाढवणारी कडी) न लावता किमान १९२. हातात आलेला स्टीअरर १७८ मिमीचा. स्टेममध्ये तो फक्त २३ मिमी शिरत होता, वरचा बोल्ट हवेत आवळला जात होता. कार्बनच्या नळीवर असं स्टेम बसवणं म्हणजे उतारावर हँडल हातात येण्याची सोय. हा फोर्क मुळात लहान साइजच्या दुसऱ्याच फ्रेमचा होता. मूळचा बहुधा तुटला असावा. दोन्हींना एकच रंग मारला की जोडी शोभून दिसते, आणि फोटोत फोर्कवर जुनं स्टेम तसंच ठेवलं की कापलेलं टोक झाकलं जातं.

म्हणून फोर्क सुटा करून, क्राउनपासून (फोर्कचे दोन पाय जुळतात तिथून) टोकापर्यंत टेप लावलेला फोटो मागायचा. टेपचे आकडे वाचता आले पाहिजेत. आणि कार्बन स्टीअररमध्ये कुणी ठोकून स्टारनट (वरच्या कॅपचा बोल्ट धरणारा दातेरी नट) घातलेला दिसला तर पुढे बोलूच नका. तिथे आतून फुगून पकडणारा एक्सपांडर प्लग लागतो. स्टारनटचे दात नळीला आतून ओरखडे पाडतात आणि चीर तिथूनच धरते.

आता त्या ‘नुकत्याच दिलेल्या’ रंगाबद्दल. फ्रेमला हौसेनं रंग देणारे असतात, नाही असं नाही. पण विकायच्या आठवडाभर आधी रंगाचा खर्च कोण करतो, हे स्वतःलाच विचारून पाहावं. रंग दुसऱ्यांदा दिलाय का, हे बाटलीच्या स्टँडच्या आट्यांत, हँगरच्या (गिअर बदलणारा मागचा डिरेलर जिथे टांगतात त्या पट्टीच्या) फटीत आणि केबलच्या भोकांच्या कडांना कळतं. कारखान्यात हे भाग झाकून फवारतात, गल्लीतला पेंटर झाकत नाही. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो त्या नळीच्या) पोटाखालचा सिरीयल नंबर रंगानं बुजलेला असेल तर नखानं खरवडून पाहा.

या फ्रेमच्या उजव्या चेनस्टेवर (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) रंगाखाली बोटाला हलका उंचवटा लागत होता. नाण्यानं टिचकी मारली की निरोगी कार्बन टणक, बारीक आवाज देतं. थर सुटले असतील तर आवाज बोदा येतो, पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. मात्र कार्बनची जाडी जागोजागी बदलते, त्यामुळे एकाच नळीवर पुढे-मागे वाजवून निष्कर्ष काढू नका. डाव्या आणि उजव्या स्टेच्या नेमक्या त्याच जागा ताडून पाहा. इथे डावी बाजू टणक होती, उजवी चार बोटांच्या लांबीत बोदी. चेन अडकून कार्बन कापलं गेलं होतं, वर पुट्टी भरली होती, पुट्टीवर रंग. कार्बनची खरी दुरुस्ती होते आणि ती टिकतेही, पण ती कापड आणि रेझिनचे थर चढवून. पुट्टीला जोर नसतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये खूण वेगळी. समोरून धडक बसलेली असेल तर हेडट्यूबच्या मागे डाउनट्यूबच्या (तिथून बीबीकडे उतरणाऱ्या नळीच्या) पोटाला सुरकुती पडते. वरून दिसत नाही. बोट फिरवलं की लागते, आणि टॉर्च नळीला समांतर धरला तर सावलीत उठून दिसते. विकणारा फोटो नेहमी उजवीकडून, थोडा वरून काढतो, हे लक्षात आलंय का? पोटाचा फोटो मागा. फ्रेम वाकडी आहे का ते पाहायला दोरा पुरतो: एका ड्रॉपआउटपासून (मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधा आणि सीटट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या नळीपासून) दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. मिलिमीटरभर इकडेतिकडे चालतं, तीन-चार मिमी फरक असेल तर ठेवून द्या. स्टीलची फ्रेम जाणता माणूस सरळ करून देतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनची करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

त्या मुलाला तिसरी गोष्ट सगळ्यात महाग पडली. फ्रेम फक्त इलेक्ट्रॉनिक गिअरसाठी बनवलेली होती. मुलानं आधीच जुनी टियाग्रा, म्हणजे शिमानो कंपनीचे केबलवर चालणारे १० स्पीड गिअर घेऊन ठेवलेले. फ्रेमवर केबल अडवायला स्टॉप नाहीत, बीबीखाली केबल वळवणारं गाइड बसवायला जागा नाही, मागे फक्त वायरपुरतं भोक. अशा फ्रेम स्वस्त का सुटतात ते यात आलं. कार्बनला ड्रिल मारायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका.

‘सहज मिळतं’ हे वाक्य सीटपोस्टच्या, म्हणजे सीटच्या दांड्याच्या बाबतीत तर हमखास फसवं. गोल २७.२ किंवा ३१.६ मिमीची पोस्ट कुठल्याही दुकानात मिळते. एअरो फ्रेमची (वारा कापायला चपट्या नळ्यांनी बनवलेल्या फ्रेमची) चपट्या आकाराची पोस्ट आणि तिची पाचर त्या एका मॉडेलचीच असते, आणि मॉडेल बंद झालं की सुटा भाग शोधत फिरावं लागतं. पोस्टशिवाय विकायला ठेवलेली एअरो फ्रेम म्हणजे भिंतीवर टांगायची वस्तू. उलट पोस्ट आत असेल तर ती हलते का, याचा व्हिडिओ मागा. स्टील किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट घाम-पावसात वर्षानुवर्षं न काढता राहिली की गंजून जाम होते आणि काढताना फ्रेम जाते.

बीबीचं माप तोंडी विचारू नका, व्हर्नियर लावलेला फोटो घ्या. ६८ मिमी रुंद, आट्यांचा, उजव्या बाजूला उलटे आटे म्हणजे इंग्लिश. तो असेल तर निम्मी चिंता मिटली. ७० मिमी रुंदी आणि दोन्हीकडे सुलटे आटे म्हणजे इटालियन, कप (बेअरिंगच्या वाट्या) वेगळे लागतात. प्रेसफिट बीबी८६ ची रुंदी ८६.५ आणि भोक ४१ मिमी. त्यात कप प्रेसनं दाबावा लागतो. अंगठ्यानं आत जात असेल तर भोक झिजलंय, आणि आत वाळलेल्या गोंदाचे थर दिसले तर आधीच्या मालकानंही कुरकुर थांबवायचा प्रयत्न करून पाहिलेला असणार. डिरेलर हँगर जागेवर आहे का, आणि नसल्यास त्या मॉडेलचा मिळतो का, हेही पैसे देण्याआधी बघायचं.

फ्रेमवाल्याकडेच बहुतेक वेळा ‘१० स्पीडचा सेट’ही निघतो. यात जुनी चलाखी आहे. शिमानोचा टियाग्रा ४७०० हा १० स्पीडच, पण त्याचा हँडलवरचा गिअर लीव्हर आधीच्या १० स्पीडपेक्षा वेगळ्या मापानं केबल ओढतो. एसटी-४७०० लीव्हर आणि जुना आरडी-५७०१ डिरेलर अशी जोडी कितीही ट्यूनिंग करा, वरचे दोन गिअर लागले तर खालचे अडकतात. विकणारा दोन्ही वस्तू खऱ्या देतो, चालू देतो, फक्त एकमेकींसाठी देत नाही. लीव्हरच्या आणि डिरेलरच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला असतो. दोन्हींचे फोटो घेऊन ताडून पाहा. ११ स्पीडच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) १० ची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) चढवताना १.८५ मिमीचा स्पेसर लागतो, तो मात्र किरकोळ खर्च.

चिनी साच्यातल्या बिननावाच्या फ्रेमला आमचा विरोध नाही. तीच फ्रेम नामांकित कंपनीचे स्टिकर लावून विकली तर ती फसवणूक. सिरीयल नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत डीलरला विचारा. नंबर खोडलेला किंवा घासलेला असेल तर फ्रेम चोरीची असू शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि "मला काय माहीत" हे घासलेला नंबर समोर असताना पटवणं अवघड जातं.

बजेटवर सायकल जोडायचीच असेल तर गोल पोस्ट, इंग्लिश बीबी, मागचं चाक बसायला १३० मिमीची जागा आणि रिमब्रेक असलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घ्यावी. दिसायला साधी, पण तिचे भाग दिल्लीच्या झंडेवालानपासून मुंबईच्या काळबादेवीपर्यंत मिळतात. आणि सरळच सांगायचं तर अख्खी जुनी सायकल बहुतेक वेळा सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडते.

पैशाचा व्यवहार समोरासमोर, फ्रेम हातात घेऊन. कुरिअरनंच येणार असेल तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ करा, सील दिसेल असा. टोकन पाठवून माणूस गायब झाला तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. माल आला पण लपवाछपवीचा निघाला, तर विकणारा दुकानदार असल्यास १९१५ वर ग्राहक तक्रार नोंदवता येते. खाजगी माणसानं घरची वस्तू विकली असेल तर ग्राहक कायदा लागत नाही, पोलिसांत न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार द्यावी लागते. तिथे ‘फ्रेम खराब निघाली’ एवढं पुरत नाही. ‘दोष माहीत असून लपवला’ हे दाखवावं लागतं, म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा. सौदा झाल्यावर जाहिरात पहिली उडवली जाते.