गेटवरचं फुंकायचं मशीन : वाळूजच्या पाळीला अणुवीज केंद्राचं माप

वाळूज, शेंद्रा किंवा लातूरच्या एमआयडीसीत गेटवर ठेवायला प्रिंटरवालं फ्युएल सेल ब्रेथ अ‍ॅनालायझर घ्यावं का? घ्यावं. हजार-दोन हजारांत ऑनलाइन मिळणारं सेमीकंडक्टरचं मशीन मात्र फुकट मिळालं तरी गेटवर ठेवू नये. त्यातला टिन ऑक्साइडचा सेन्सर एकट्या दारूला ओळखत नाही. बिडीचा धूर, पेंट शॉपमधल्या थिनरची वाफ, मधुमेही किंवा कडक उपास केलेल्या माणसाच्या श्वासातलं अ‍ॅसिटोन, सगळ्यालाच तो हलतो. एकादशीच्या सकाळी निर्व्यसनी माणसाला दारुडा ठरवणारं यंत्र काय कामाचं? फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं आणि जितकं अल्कोहोल तितका करंट निघतो. अ‍ॅसिटोनला तो दाद देत नाही.

मशीन चांगलं आहे. खोट असते ती ते वापरण्याच्या पद्धतीत. त्यासाठी माप घ्यावं अणुवीज केंद्राचं. मराठवाड्यात तसं केंद्र नाही, राज्यातलं आहे ते तारापूरला. पण अमेरिकेच्या अणू नियामक आयोगाची ‘भाग 26’ ही नियमावली बारकाईने लिहिलेली आहे आणि तिच्यातलं बरंच काही कुठल्याही गेटवर लागू पडतं. कामाच्या आधी 5 तास दारू वर्ज्य. पहिल्या चाचणीत रक्तातल्या अल्कोहोलचं प्रमाण 0.02 टक्के किंवा जास्त दिसलं तर खात्रीची दुसरी चाचणी. दुसरीत 0.04 आलं तर माणूस नापास. कामावर येऊन तास झाला असेल तर 0.03 लाच नापास, दोन तास झाले असतील तर 0.02 लाच. शरीर दारू जाळत राहतं; दोन तासांनी 0.02 उरली असेल तर गेटमधून शिरताना ती जास्त होती, हा त्यामागचा हिशोब.

सगळ्यांत मोलाची गोष्ट 15 मिनिटांची. तिथे फुंकण्याआधी विचारतात की गेल्या 15 मिनिटांत काही खाल्लं-प्यायलं का, ढेकर आली का. हो म्हटलं की 15 मिनिटं नजरेसमोर बसवतात. दशमूलारिष्टाचा एक घोट, माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब यांतलं अल्कोहोल तोंडात रेंगाळतं आणि रीडिंग भलतंच वर जातं; 15 मिनिटांत ते उडून जातं, रक्तातलं मात्र जात नाही. पहिल्या पाळीला दोनशे माणसं रांगेत असताना प्रत्येकाला बसवणं शक्य नाही. ज्याचं रीडिंग आलं त्याला बाकावर बसवा, तोंडात काही घालू देऊ नका, घड्याळ लावा, नवी माउथपीस लावून दुसऱ्यांदा फुंकायला सांगा. दुसऱ्या फुंकेशिवाय कुणालाही घरी पाठवू नये. एका रीडिंगवर माणसाचा रोज बुडवणं हा अन्याय आहे.

फुंकताना श्वास चार-पाच सेकंद सलग हवा. फुप्फुसाच्या तळातली हवा सेन्सरपर्यंत गेली पाहिजे; ओठांतून हलकीच फूऽ केली तर मशीन नमुना घेत नाही. माउथपीसशिवाय, नरसाळ्यासारख्या तोंडातून तपासायची सोय असते, ती फक्त ‘आहे-नाही’ सांगते. तिचा आकडा कागदावर लिहू नये. गार्डने हाताला सॅनिटायझर लावून लगेच मशीन धरलं तरी आकडा येतो.

आता युनिट. इथे फार लोक फसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा आहे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. हीच गोष्ट काही मशीन 0.03 टक्के म्हणून दाखवतात, तर काही श्वासाच्या लिटरमागे साधारण 0.14 मिलिग्रॅम म्हणून. सेटिंग बदललेलं लक्षात आलं नाही तर 0.03 म्हणजे कधी मर्यादेवर, कधी जवळपास काहीच नाही. एकच युनिट ठरवून केबिनच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या केबिनमध्ये त्याहून जास्त. फ्युएल सेल कोरडा पडला की सुस्तावतो आणि कमी दाखवू लागतो. मशीन ऑफिसच्या गारव्यात ठेवा, पाळीपुरतं गेटवर आणा. एखाद्याचं रीडिंग फार वर गेलं तर पुढच्या माणसाआधी ते शून्यावर येऊ द्या. थर्मल कागदावरची पावतीही उन्हात टिकत नाही. त्याच दिवशी झेरॉक्स काढून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

याच पुरवठादारांकडे लघवीतून नशेचे पदार्थ तपासायची पाच पट्ट्यांची कार्डंही मिळतात, एकेका पदार्थाला एकेक पट्टी. ती जपूनच घ्या. कार्डावर टेस्टची रेघ उमटली, अगदी पुसट का असेना, तर निकाल निगेटिव्ह. रेघ नाही तर संशय. हे नेमकं उलटं वाचलं जातं. होळीच्या भांगेचा अंश लघवीत काही दिवस राहतो, रोज घेणाऱ्याच्या बाबतीत काही आठवडेही, म्हणून कार्ड ‘आत्ता नशेत आहे’ असं सांगू शकत नाही. कोडीनवालं खोकल्याचं औषधही अफूच्या पट्टीवर दिसतं. अणुवीज केंद्रात नमुना 4 मिनिटांच्या आत 32 ते 38 अंशांत आहे का बघतात, संडासाच्या पाण्यात निळा रंग टाकतात, नमुन्याची खात्री प्रयोगशाळा करते आणि निकालाचा अर्थ डॉक्टर लावतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिशात लपवलेली बाटलीही गरमच असते, तेव्हा निव्वळ तापमानावर विसंबून चालणार नाही, क्रिएटिनिनची, म्हणजे नमुन्यात पाणी मिसळलंय का ते दाखवणारी पट्टी हवीच. प्रयोगशाळेची आणि डॉक्टरची सोय नसेल तर कार्डं घेऊच नका.

आणखी एक. तिथे निवड चिठ्ठीसारखी अचानक होते, वर्षभरात मनुष्यबळाच्या निदान निम्म्या इतक्या चाचण्या होतात, आणि त्यात कंत्राटी माणूस असतो तसा मॅनेजरही. इथे फक्त कंत्राटी कामगारांच्या रांगेत मशीन फिरवायचं असेल तर विकत घेऊ नका.

घेताना पुरवठादाराकडून लेखी घ्या : दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन (म्हणजे ठाऊक मापाच्या अल्कोहोलवर मशीन तपासून जुळवणं), ते ड्राय गॅसवर (बाटलीतल्या तयार वायूवर) की 34 अंशांच्या सिम्युलेटरवर (अल्कोहोल मिसळलेल्या कोमट पाण्याच्या वाफेवर), प्रमाणपत्रावर मशीनचा सिरियल नंबर, आणि मशीन कॅलिब्रेशनला पुण्याला गेलं की तेवढे दिवस बदली मशीन. माउथपीस फुंकलेली हवा उलटी येऊ न देणाऱ्या झडपेच्या, एकेक पाकीटबंद, महिन्याच्या हिशोबापेक्षा थोड्या जास्तच मागवा.