बांगडी 'वाढली' म्हणजे मोठी झाली नाही हो! भाषांतराच्या ॲपला ३ स्टार
सून तमिळ आहे, हौसेनं मराठी शिकतेय म्हणून हे ॲप घेतलं. भाजीवाला, रिक्षा, पत्ता विचारणं एवढ्यासाठी झकास आहे. पण परवा भांडी घासताना तिची हिरवी काचेची बांगडी फुटली, मी पटकन म्हटलं अगं वाढली म्हण, तिनं ॲपला विचारलं तर उत्तर आलं बांगडी मोठी झाली! सवाष्णीची बांगडी फुटली म्हणायला आपली जीभच रेटत नाही ना, म्हणून वाढली. देवापुढे नारळसुद्धा वाढवतात, आणि घरातनं निघताना येते म्हणायचं, जाते नाही. त्या शब्दामागची भीती नि माया ॲपमध्ये कुठंच नाही. प्लीज अशा शब्दांना छोटी टीप तरी द्या, तोवर मीच सांगतेय तिला.