सेफ-ओपीजीसाठी पेशंट कुठे पाठवायचे? आमच्या इथल्या एका सेंटरबद्दल

ब्रेसेसच्या पेशंटसाठी एक्सरे सेंटर ठरवताना आपण डेंटिस्ट लोक मशीन कुठल्या कंपनीचं आणि रेट काय एवढंच विचारतो. मी ज्या सेंटरला पोरं पाठवते तिथलं मशीन जुनं आहे, रेटही आजूबाजूच्यांपेक्षा थोडा जास्तच, तरी दुसरीकडे पाठवायचं मनात येत नाही कारण एकच, वर्षा-दोन वर्षांनी काढलेला सेफ पहिल्या सेफवर ठेवला की बसतो!

पालकांपैकी कुणी वाचत असेल तर सांगते, लॅटरल सेफ म्हणजे डोक्याचा बाजूनं काढलेला एक्सरे. ट्रीटमेंटच्या आधी एक, गरज पडली तर मध्ये एक, शेवटी एक, आणि मग सेला ते नेझिऑन या रेषेवर, म्हणजे कवटीच्या तळाच्या पुढच्या भागावर, दोन ट्रेसिंग (एक्सरेवरून काढलेली रेखाचित्रं) एकावर एक ठेवून जबडा किती वाढला, दात किती सरकले ते बघायचं. मान थोडी वर-खाली झाली असेल तर ट्रेसिंग फिरवून हाडांचं मोजमाप तरी निभावतं, पण डोकं उजवी-डावीकडे वळलं किंवा तिरकं झालं की खालच्या जबड्याची कडा डबल दिसते, दोन्ही बाजूच्या दाढा एकमेकींपासून सुटतात, आणि मग त्या दोन-तीन मिलिमीटरला वाढ म्हणायचं की पोझिशनची चूक, सांगा बघू.

हे टाळायलाच तर सेफॅलोस्टॅट आला. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ या दोघांनी आपापल्या ठिकाणी ही पद्धत मांडली, डोकं रॉडमध्ये पकडायचं, ट्यूबचं अंतर ठरलेलं (अमेरिकन पद्धतीत डोक्याच्या मधल्या रेषेपासून ५ फूट), म्हणजे दरवेळी मॅग्निफिकेशन सारखं. आज कानातले रॉड सगळ्याच मशीनला आहेत हो, पण त्यात डोकं घालणारा माणूस महत्त्वाचा.

इथले टेक्निशियन काका आधी पोराला सरळ उभं करतात, खांदे खाली, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, आणि मशीन त्याच्या कानाच्या उंचीला आणतात. बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं, मशीन आहे तिथंच ठेवायचं आणि पोरगं टाचा उचलून रॉडला लटकलेलं. मग दोन्ही रॉड एकदम आत, नाकाच्या मुळाशी टेकू, समोर भिंतीवर आरसा लावलाय त्यात स्वतःच्या डोळ्यात बघायचं म्हणजे मान नेहमीच्या जागी येते. "थुंकी गिळ, मागच्या दाढा टेकव, ओठ सैल सोड, हसू नको रे." आणि यानंतर जे करतात त्याला माझे पूर्ण मार्क, ग्लोव्ह घालून गाल जरा बाजूला करून दाढा खरंच टेकल्यात का ते डोळ्यानं बघतात. ट्विन ब्लॉक (खालचा जबडा पुढे धरायला लावणारी प्लेट) घातलेल्या पोरांना जबडा पुढे धरायची सवय झालेली असते, प्लेट काढून उभं केलं तरी पुढेच धरतात, आणि तसाच सेफ निघाला तर कागदावर जबडा मस्त वाढलेला दिसतो, डॉक्टर खूश पालक खूश, आणि सहा महिन्यांनी सगळं जिथल्या तिथं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पेशंटची नोंद ठेवतात. टेकूचं रीडिंग, मान आरशावर घेतली की कान-डोळ्याच्या फ्रँकफर्ट रेषेवर, चेहऱ्याची कुठली बाजू सेन्सरकडे. रिपीटला पोरगं आलं की आधी जुना एक्सरे स्क्रीनवर उघडतात, मगच त्याला आत घेतात. एवढं साधं काम, पण मी पाठवून बघितलेल्या दुसऱ्या एका सेंटरला जुना एक्सरे मागितला तर "फाईल डिलीट होते मॅडम" हे उत्तर.

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचे सगळे दात एकाच चित्रात दाखवणारा एक्सरे, तोही चांगला येतो. हनुवटी जास्त खाली गेली की दातांची रांग अति हसरी दिसते, वर गेली की सपाट, आणि जीभ टाळूला लावली नाही तर वरच्या मुळांवर काळा पट्टा. ब्रेसेस काढायच्या आधी मुळं समांतर झाली का हे मी ओपीजीवर बघते, तिथं पोझिशन बदलली तर मुळं उगाच तिरकी दिसतात आणि बरोबर लागलेला ब्रॅकेट (ब्रेसेसचा दातावर चिकटवलेला तुकडा) बदलायची पाळी येते. आणि चुकलेला एक्सरे म्हणजे परत एक्सपोजर, डोस कमी असतो हे मान्य, पण वाढत्या वयाच्या पोराला निष्काळजीपणामुळे दुसऱ्यांदा का द्यायचा?

आता तक्रारी. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जेपीजी करून पाठवतात, त्यात कडेची स्केल कापलेली, म्हणजे मोजमापाला शून्य उपयोग. ओरिजिनल फाईल पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर पाहिजे असं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर विसरतात. मे महिन्यात सुट्टीची गर्दी असते, बसायला दोनच खुर्च्या, पार्किंगचं तर विचारूच नका. काका रजेवर असले की जो नवीन मुलगा असतो तो घाई करतो, कानातली डूल तशीच ठेवून काढलेला एक सेफ मी परत पाठवलाय.

म्हणून पेशंटला पाठवायच्या आधी काका आहेत का एवढं फोन करून विचारून घ्या, आणि मुलींना कानातलं घरीच काढून यायला सांगा.