99 रुपयांचा व्यायाम आणि 11,277 रुपयांचा चुना

लिहू की नको करत होते, कारण लिहिलं की वाडीत सगळ्यांना कळणार आणि मग टोमणे सुरू. पण काल आमच्याच वाडीतल्या एकीच्या फोनवर तीच जाहिरात बघितली आणि डोकंच फिरलं. "आईसाठी घरच्या घरी व्यायाम, रोज 10 मिनिटं, 21 दिवसांत पोट सपाट, फक्त 99 रुपये."

हे धंदे कसे चालतात ते तुम्हाला माहितीये, आधी जाहिरात, मग व्हॉट्सॲप ग्रुप, ग्रुपात आधीच पेरून ठेवलेल्या बाया "मॅडम माझं 6 किलो गेलं" करणाऱ्या. मलाही माहिती होतं हो, मी काय अडाणी नाही, बीकॉम केलंय. पण पावसाळ्यात आमच्याकडे बाईने चालायला जायचं कुठे? पाखाडीवर जांभ्याला शेवाळ धरलेलं, घसरलं तर कंबरच जायची. जिमला जायचं तर एसटीने रत्नागिरी गाठा, आणि धाकट्याला कुणाकडे ठेवू? नवरा मुंबईला, सासूबाईंचे गुडघे गेलेले. आणि 99 रुपयांत हल्ली बांगड्याचा धड वाटा तरी येतो का!

आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो. भाकऱ्या थापत होते, दोन्ही हात तांदळाच्या पिठात, फोन मिठाच्या डब्याला टेकवलेला आणि स्पीकरवर ती मॅडम, "ताई लिंक पाठवलीये, पटकन करा, सीट जाईल." लिंक उघडली तर वर 99 नव्हतंच. "4,999 पर्यंत" असं होतं, खाली "ॲज प्रेझेंटेड", आणि नाव भलत्याच कुठल्यातरी ट्रेडर्सचं. मला दिसलं होतं सगळं, मी विचारलंही. म्हणे "ताई ती नुसती लिमिट असते, सगळ्यांना तशीच दिसते." तव्यावरची भाकरी करपायला लागलेली, धाकटा पायाला मिठी मारून रडतोय, मी करंगळीच्या पेराने पिन दाबला. स्क्रीनवर पिठाचे चार ठिपके उमटले. तुम्ही असता माझ्या जागी तर त्या वेळी शब्दन् शब्द वाचत बसला असतात का, खरं सांगा.

तर ते पेमेंट नव्हतं नुसतं, ऑटोपेचं मँडेट होतं, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी. एकदा पिन दिला की 15,000 पर्यंतच्या रकमेला नंतर पिन विचारत नाहीत, आणि ॲज प्रेझेंटेड म्हणजे त्यांना वाटेल तेव्हा खेचणार. पैसे कापायच्या 24 तास आधी सूचना येते, आलीही असेल, पण रिचार्ज आणि लोनच्या मेसेजच्या ढिगाऱ्यात कोण बघतंय? आधी 99, मग 4,999, परत 4,999. गणपतीसाठी बाजूला काढलेले पैसे होते ते. फोन केला तर म्हणे रिफंड देतो, प्रोसेसिंगचे 1,000 अधिक 18 टक्के जीएसटी भरा. जीएसटी नंबर असलेलं बिल पाठवलं हो त्यांनी, कुणालाही खरंच वाटलं असतं! 1,180 भरले. एकूण 11,277. रिफंड घेताना पैसे कधीच भरायचे नसतात, पिनही टाकायचा नसतो, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही.

आणि मिळालं काय? एक पीडीएफ. स्क्वॉट, भिंतीला हात लावून पुशअप, आणि पहिल्याच दिवशी क्रंचेस. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधून फाकतात, कुणाकुणाचे नंतरही जुळत नाहीत, अशा बाईला न तपासता क्रंचेस देऊ नयेत हे फिजिओ असलेल्या माझ्या नणंदेने सांगितलं. तीच म्हणाली की आठवड्याला 150 मिनिटं अंग हलवा आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा हे जागतिक आरोग्य संघटना फुकट सांगते.

बँकेत गेले तर साहेब मान वर न करता, "पिन तुम्हीच टाकलात ना?" झालं. मँडेट बंद करा म्हटलं तर "तुमच्या ॲपमधून करा". मग एवढं तरी आधी कुणी सांगायचं! यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, आत्ता उघडा आणि अनोळखी दिसेल ते रद्द करा. पोलीस ठाण्यात तर कहर. बाकावर बसवून ठेवलं, मांडीवर पोर, आणि हवालदार दुसऱ्याला ऐकू जाईल असं म्हणतो, "घरात केर-लादी केली की होतो व्यायाम." वर "हे आमच्याकडे येत नाही, सायबरला जा, जिल्ह्याला." भाचा वकिली शिकतोय, तो नंतर म्हणाला की 1 जुलै 2024 पासून जो नवीन कायदा आलाय, नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, ठाण्याला तक्रार घ्यावी लागते. त्या हवालदाराला हे माहिती नसेल? माहिती असणार, पण लिहायचा कंटाळा, आणि समोर बाईमाणूस, कोण विचारतंय.

पैसे गेले की आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तासाभरात, नवऱ्याला काय सांगू याचा विचार नंतर करा. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, स्क्रीनशॉट काढा, ग्रुप सोडू नका, सोडलात तर पुरावा शोधत बसाल. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. मी केलीये.

पोर्टलवर माझी तक्रार अजून "अंडर प्रोसेस"च आहे. मॅडमचा नंबर बंद, पण वाडीतलीच्या फोनवर जी जाहिरात होती त्यात तोच फोटो, तीच "6 किलो गेलं"वाली बाई, फक्त नाव बदललंय आणि 99 चे 149 झालेत.