जो हेंडरसनचा ‘लश लाइफ’: स्ट्रेहॉर्नची गाणी, ऑर्केस्ट्रा वजा करून

ट्रिब्यूट अल्बम बहुधा दोन प्रकारे फसतात. एक तर मूळ ध्वनिमुद्रणाची इमानेइतबारे नक्कल होते आणि मग मूळच का ऐकू नये, हा प्रश्न उरतो. नाही तर पाहुण्या कलाकारांची जत्रा भरते आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच कुठेतरी हरवतो. जॅझ टेनर सॅक्सोफोनवादक जो हेंडरसनचा ‘लश लाइफ: द म्युझिक ऑफ बिली स्ट्रेहॉर्न’ (व्हर्व्ह, १९९२) या दोन्हींतून सुटतो. त्याचं कारण सूरांइतकंच मांडणीतही आहे.

बिली स्ट्रेहॉर्न (१९१५–१९६७) जवळजवळ तीन दशकं जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रासाठी रचना आणि संयोजन करत होता. बऱ्याच रचनांवर दोघांची नावं एकत्र आहेत, त्यामुळे सर्वसामान्य श्रोत्याच्या लेखी तो एलिंग्टनच्या सावलीतच राहिला. त्याची गाणी आपल्या कानांवर येतात तीही पंधरा-सोळा वादकांच्या रंगांत न्हाऊन. हेंडरसनने ते रंग काढून घेतले. दहा रचना आहेत आणि वादक पाच: हेंडरसन, ट्रंपेटवर विंटन मार्सालिस, पियानोवर स्टीफन स्कॉट, बासवर ख्रिश्चन मॅकब्राइड, ड्रम्सवर ग्रेगरी हचिन्सन. पण हे पाचही जण फक्त तीन रचनांमध्ये एकत्र येतात. बाकी सात ठिकाणी कुणी ना कुणी बाहेर बसलेलं आहे. एकदा चौघं, दोनदा तिघं, तीनदा दोघं आणि शेवटी एकटा हेंडरसन. माणसं कमी होतात तसतसं कळत जातं की स्ट्रेहॉर्नची हार्मनी (चालीसोबत एकत्र वाजणाऱ्या सुरांचं जाळं) ऑर्केस्ट्राच्या भरण्यात नव्हती, ती चालीतच विणलेली होती.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा ‘टेक द ए ट्रेन’. ही रचना सॅक्सोफोन आणि ड्रम्स एवढ्यांवरच वाजते, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) देणारं वाद्यच नाही. मूळ चाल सी मेजर स्केलमध्ये, बत्तीस बारची (बार म्हणजे ठेक्याचं एक माप), आठ-आठ बारचे चार तुकडे. तिसऱ्या बारमध्ये चाल जी शार्पवर जाऊन थांबते. खाली असायला हवी ती डी सेव्हन्थ कॉर्ड, पाचवा सूर उतरवलेली. इथे ती कॉर्ड कुणीच वाजवत नाही, तरीही तो एक सूर आला की ती ऐकू येते. तिसऱ्या तुकड्यात, म्हणजे ब्रिजमध्ये, चाल एफ स्केलकडे सरकते. सोलो चालू असताना मनात मूळ चाल गुणगुणत राहिलं, तर हेंडरसन कितीही दूर भटकला तरी प्रत्येक आवर्तनाला तो ही वळणं पाळतो हे लक्षात येतं. चाल विसरलात तर मात्र हा ट्रॅक निव्वळ ठोकाठोक वाटेल. म्हणून आधी एलिंग्टनचं १९४१ सालचं ध्वनिमुद्रण, रे नान्सच्या ट्रंपेट सोलोसह, दोन-तीनदा ऐकून घ्यावं. तीन मिनिटांच्या आतबाहेरचंच आहे ते.

अल्बम उघडतो तो ‘इस्फहान’ने, आणि इथे फक्त सॅक्सोफोन आणि बास. ही चाल एलिंग्टनच्या ‘फार ईस्ट स्वीट’ या अल्बममुळे जगाला माहीत झाली. तिथे अल्टो सॅक्सोफोनवर जॉनी हॉजेस आहे, आणि त्याच्या लांबलचक मींडेचा ठसा या चालीवर इतका पक्का बसला की पुढे कुणी ती वाजवली की तुलना अटळ. हेंडरसन त्या वाटेला जात नाही. त्याचा आवाज मुळात मोठा नाही. थोडा कोरडा, काठांवर खरखरीत. सूर ओढून लांबवण्यापेक्षा तो वाक्य तोडतो, मध्ये जागा सोडतो, आणि त्या जागेत मॅकब्राइडचा बास दिसतो. मॅकब्राइड तेव्हा १९ वर्षांचा होता. ठेका धरणं, हार्मनीचा पाया दाखवणं आणि समोरच्याच्या बोलण्याला उत्तर देणं ही तीन कामं तो एकटा करतो, तेही घाई न करता. (त्याचा जन्म ३१ मे १९७२चा. स्ट्रेहॉर्न गेला तो ३१ मे १९६७ रोजी. योगायोगच, पण लक्षात राहतो.)

‘ब्लड काउंट’ स्ट्रेहॉर्नने कर्करोगाशी झुंजत असताना, रुग्णालयातून पूर्ण केली. ती त्याची अखेरची रचना. ही माहिती डोक्यात असली की वादक हमखास करुण रस ओतायला लागतात. चौघांच्या या वादनात तसं होत नाही. लय धीमी आहे पण ढिली नाही. हचिन्सन ड्रम्सवर जवळजवळ काहीच अंगावर आणत नाही आणि हेंडरसन शेवटाकडे आवाज वाढवतो तोही मोजून. ‘लोटस ब्लॉसम’ पियानोबरोबर दोघांतच आहे. स्कॉट इथे फार समजूतदार साथ करतो. कॉर्ड्स भरून टाकत नाही, चालीला श्वास घ्यायला जागा ठेवतो. ‘रेन चेक’मध्ये पियानो नाही, ‘ड्रॉइंग रूम ब्लूज’मध्ये ड्रम्स नाहीत. ही दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा: पियानो गेल्यावर हेंडरसन किती मोकाट सुटतो आणि ड्रम्स गेल्यावर लय कोण सांभाळतं, हे नीट ऐकू येतं.

कमी पडतात ती मात्र पाचही जण असलेली. ‘जॉनी कम लेटली’ आणि ‘यू.एम.एम.जी.’ सफाईदार आहेत, मार्सालिसचा ट्रंपेट चमकदार आहे, पण आधी थीम, मग एकेकाचा सोलो, मग पुन्हा थीम हा ठरलेला आराखडा तिथे जाणवतो. वाईट नाहीत, शेजारच्या धाडसी मांडण्यांमुळे साधी वाटतात. ‘अ फ्लॉवर इज अ लव्हसम थिंग’ या तिन्हींत उजवी.

शेवटचा ट्रॅक ‘लश लाइफ’, कुणाच्याही साथीविना. हे गाणं लिहायला घेतलं तेव्हा स्ट्रेहॉर्न विशीतही पोचला नव्हता. आधी लांब वर्स (प्रास्ताविक भाग), जो पुन्हा येत नाही, मग कोरस (मुख्य भाग), आणि दोन्हींत अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकणाऱ्या कॉर्ड्स. एकट्या वाद्यावर हे वाजवताना धोका असा की कॉर्ड्स दाखवायच्या नादात चाल मोडते. हेंडरसन चाल धरून ठेवतो आणि वाक्यांच्या मधल्या फटींत झरझर अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकापाठोपाठ एक) टाकून हार्मनी सुचवतो. या सोलोसाठी त्याला १९९३ मध्ये ग्रॅमी मिळालं. ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९९१चं, न्यू जर्सीत इंग्लवूड क्लिफ्स इथल्या ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओतलं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि गायक जॉनी हार्टमन यांनी १९६३ साली हेच गाणं याच स्टुडिओत मुद्रित केलं होतं. शब्द माहीत नसतील तर ते आधी ऐका. हेंडरसन कोणत्या ओळीवर थबकतो हे मग उमजेल.

ऐकताना सांभाळायच्या काही गोष्टी. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम लावू नका. डबल बासची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते आणि एवढ्याशा स्पीकरला ती झेपत नाही. ‘इस्फहान’मधला अर्धा संवादच गायब होतो. बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर हवेत. स्ट्रीमिंगवर आवाज सारखा करणारी सोय प्रत्येक ट्रॅकपुरती चालू असेल तर ती बंद करा किंवा अल्बमपुरती ठेवा, नाही तर एकटा सॅक्सोफोन पाच जणांइतकाच मोठा ऐकू येतो आणि मांडणीतला चढउतार सपाट होतो. शफलही नको; क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. शोधताना वादकाचं आणि अल्बमचं अशी दोन्ही नावं टाका, कारण ‘लश लाइफ’ याच नावाचे अल्बम कोल्ट्रेनपासून गायिका लिंडा रॉनस्टॅटपर्यंत कित्येकांचे आहेत.

ज्यांना एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्राचे रंगच हवे आहेत त्यांची इथे निराशा होईल. त्यांनी एलिंग्टनने स्वतः स्ट्रेहॉर्नच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच केलेला ‘अँड हिज मदर कॉल्ड हिम बिल’ घ्यावा; हॉजेसचं ‘ब्लड काउंट’ त्यात आहे, आणि वादक सामान आवरत असताना एलिंग्टनने एकट्याने वाजवलेलं ‘लोटस ब्लॉसम’ही. हेंडरसनच्या यादीत ‘चेल्सी ब्रिज’ नाही, ही खटकणारी उणीव. ते त्याने १९६७ मध्येच ‘द किकर’ या अल्बमसाठी वाजवलं होतं, ते जोडीला ऐकावं. आणि ही पद्धत आवडली तर ‘सो निअर, सो फार’ हा त्याचा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिससाठीचा १९९३चा अल्बम पुढचा. तिथे जॉन स्कोफिल्डची गिटार असल्यामुळे पोत पूर्ण वेगळा आहे.