तालुक्याच्या वाचनालयातील जुन्या दैनिकांचे खंड: सोय उत्तम, पण एक खंड गहाळ

वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या दैनिकांचे सहामाही बांधीव खंड शंभर रुपये अनामत भरून बसून वाचता येतात. यंदा कापसाची वेचणी आटोपल्यावर सुमारे महिनाभर मी दुपारी तेथे जात होतो आणि राजीव गांधी यांचा राजकारणातील काळ १९८० पासून क्रमाने वाचत होतो. त्यांच्यावरील पुस्तके लिहिणाऱ्यांना शेवट आधीच ठाऊक असतो. दैनिकाच्या अंकाला दुसऱ्या दिवशी काय होणार याचा पत्ता नसतो, आणि म्हणूनच हे वाचन मला अधिक विश्वासाचे वाटते.

१९८० च्या पहिल्या सहामाहीचा खंड फार जड असल्याने तो टेबलावरच ठेवून पाने उलटावी लागतात. २३ जूनला दिल्लीच्या सफदरजंग विमानतळाजवळ विमान कोसळून संजय गांधी यांचा मृत्यू झाला, आणि तोवर इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक म्हणून नोकरी करणारे, सभा आणि सत्कार यांपासून दूर राहिलेले थोरले बंधू बातम्यांत येऊ लागले. पुढच्या खंडांत त्यांची टाळाटाळ, घरातूनच झालेला विरोध आणि शेवटी १९८१ च्या पोटनिवडणुकीत अमेठीतून मिळालेला विजय हा क्रम इतक्या संथपणे येतो की, नको असलेले वतन माणसाच्या गळ्यात कसे पडते हे वाचकाला दिवसागणिक पाहता येते. आमच्याकडे वडील गेल्यावर शहरातली नोकरी सोडून शेती सांभाळायला परतलेले कितीतरी जण आहेत. तेही थोडे असेच वागतात.

१९८४ चा दुसरा खंड सर्वांत जास्त हाताळलेला आहे; त्याच्या कडा काळ्या पडल्या आहेत. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली, त्याच सायंकाळी चाळीस वर्षांच्या मुलाने पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत काँग्रेसला ४०४ जागा मिळाल्या. त्यानंतरचे १९८५ चे अंक वाचताना मन प्रसन्न होते: पक्षांतरबंदीचा कायदा, जुलैत पंजाब करार, ऑगस्टमध्ये आसाम करार, आणि डिसेंबरात मुंबईच्या शताब्दी अधिवेशनात स्वतःच्याच पक्षातील दलालांना सुनावलेले खडे बोल. नको म्हणत आलेल्या माणसाला सत्तेची गोडी लागलेली नसावी, म्हणूनच तो इतके मोकळे बोलू शकला, असे माझे मत या पानांवरून झाले. १९८६ च्या खंडात अयोध्येतील बाबरी मशिदीचे कुलूप उघडल्याची आणि शाहबानो निकालानंतर मुस्लिम घटस्फोटितांच्या पोटगीबाबत केलेल्या कायद्याची बातमी आहे; तेथून तो मोकळेपणा ओसरत गेलेला दिसतो.

आणि नेमका येथे घोटाळा आहे. १९८७ च्या पहिल्या सहामाहीचा खंड फडताळात नाही. डिसेंबर १९८६ च्या शेवटच्या पानावरून वाचक थेट जुलैत जाऊन पडतो. मागच्या खंडात अर्थमंत्री असलेले विश्वनाथ प्रताप सिंह या खंडात मंत्रिमंडळाबाहेर आहेत आणि महिना संपण्याआधी पक्षातूनही काढले जातात. बोफोर्स (भारताला तोफा विकणारी स्वीडिश कंपनी) हा शब्द कोणतीही ओळख करून न देता मथळ्यात येतो. स्वीडनच्या रेडिओने १६ एप्रिलला दिलेले तोफखरेदीतील दलालीचे वृत्त, ज्याने या कारकिर्दीला उतरती कळा लागली, तेच येथे वाचायला मिळत नाही. मी विचारले तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "कोनं नेला भाऊ, वापस आलाच नाही." बांधीव खंड बाहेर देत नाहीत, अशी पाटी त्यांच्याच डोक्यावर लावलेली होती.

पुढचे खंड सलग आहेत. १९८९ च्या खंडात मतदानाचे वय १८ वर आणल्याचा अंमल, राज्यसभेत अडलेले पंचायत राज विधेयक आणि नोव्हेंबरात १९७ जागांवर आलेली काँग्रेस, हे सारे सापडते. विदर्भाचे निकाल मी दोनदा वाचले. १९७७ च्या जनता लाटेतही बहुतांशी काँग्रेसची साथ न सोडणाऱ्या या भागात अकोल्यातून भाजपचे पांडुरंग फुंडकर आणि अमरावतीतून कम्युनिस्ट सुदाम देशमुख निवडून आले. आमच्या वर्ध्याने मात्र वसंत साठे यांनाच पुन्हा दिल्लीला पाठवले. मे १९९१ मधील श्रीपेरुंबुदूरच्या स्फोटात राजीव गांधी मारले गेले; त्यानंतरच्या अंकांतून कोणीतरी ब्लेडने छायाचित्रे कापून नेली आहेत, त्यामुळे मागच्या पानावरील मजकूरही अर्धा गेला आहे.

खोली उत्तरेकडच्या खिडकीची असल्याने वीज गेली तरी दुपारी चार वाजेपर्यंत वाचता येते. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने डोके दुखते, आणि झेरॉक्सला परवानगी नसल्याने वही-पेन सोबत न्यावे लागते. अनामत मात्र विनातक्रार परत मिळते. पाचपैकी साडेतीन गुण मी देतो. अर्धा गुण केवळ खंडांवर साल आणि महिने सुवाच्य अक्षरांत लिहिल्याबद्दल.

निघताना सूचनावहीत १९८७ च्या त्या खंडाची मागणी लिहायला घेतली, तर माझ्या आधी तिघांनी तीच मागणी नोंदवलेली होती. पहिली नोंद २०११ ची आहे.